पीएचडीचा पहिला हंगाम चुकू नये म्हणून

हळदीची लागवड अक्षय तृतीयेच्या सुमारास सुरू होते आणि जूनमध्ये उरकते. संशोधन आराखड्याला मंजुरी मिळाली नाही, समितीची बैठक पुढे गेली किंवा बेण्याचे पैसे अडकले, म्हणून हळद थांबत नाही. मे-जून हातचा गेला की पुढची लागवड थेट पुढच्या उन्हाळ्यात. फळबाग, भाजीपाला, ऊस, हळद, सोयाबीन अशा पिकांवर पीएचडी करू पाहणाऱ्या सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी. या पदवीचे वेळापत्रक विद्यापीठ छापते खरे, पण ठरवते ते पीक.

विद्यापीठाची बाजू तुलनेने सोपी आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. पीएचडीसाठी त्या विषयातली किंवा संलग्न विषयातली एम.एस्सी. कृषी अथवा उद्यानविद्या लागते. प्रवेशाचे दरवाजे दोन. एक, आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची देशपातळीवरची परीक्षा, जिच्यातून देशभरच्या कृषी विद्यापीठांत जागा आणि शिष्यवृत्ती मिळू शकते. दुसरा, राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांची एकत्रित प्रवेशप्रक्रिया. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांना कृषी विद्यापीठात सहसा प्रवेश मिळत नाही. त्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची वाट धरावी. तिथेही पिकांवर काम करता येते, मात्र प्रयोगशाळेकडे कल जास्त असतो आणि प्रयोगाची जमीन आपली आपण शोधावी लागते.

विषय निवडताना नावांचा गोंधळ होतो. 'उद्यानविद्या' या छपराखाली फळशास्त्र, भाजीपालाशास्त्र, पुष्पशास्त्र, मसाला पिके, काढणीपश्चात तंत्रज्ञान हे वेगवेगळे विभाग असतात. लागवड, खत, पाणी, तण यांवरचे काम कृषिविद्येत होते. वाणनिर्मिती जनुकशास्त्र व पैदासशास्त्रात येते, आणि रोग, कीड, माती यांचे विभाग स्वतंत्र आहेत. एकच हळद यातल्या चार विभागांत अभ्यासली जाते. कंदकुज कशाने होते हा प्रश्न रोगशास्त्राचा. नत्र किती हप्त्यांत द्यावे हा कृषिविद्येचा किंवा मृदाशास्त्राचा. पीक आवडते म्हणून विभाग निवडू नका, प्रश्न कोणता आवडतो ते पाहून निवडा.

आयसीएआरने अलीकडे सुधारलेल्या अभ्यासक्रमात पीएचडीसाठी १०० श्रेयांक (क्रेडिट) आहेत. मुख्य विषय १२, दुय्यम विषय ६, पूरक विषय ५, परिसंवाद २ आणि संशोधन ७५. म्हणजे तीन-चतुर्थांश पदवी शेतात आणि प्रयोगशाळेत मिळते. किमान मुदत तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे. पहिल्या दोन सत्रांत बहुतेक अभ्यासक्रम संपतो, पुढे लेखी आणि तोंडी पात्रता परीक्षा होते, शेवटी प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि मौखिक परीक्षा होते.

आता हे वेळापत्रक पिकाशेजारी ठेवून पाहू. शेतातल्या प्रयोगाची निदान दोन हंगामांची आकडेवारी लागते, कारण एका वर्षाचा पाऊस काहीही दाखवू शकतो. समजा २०२६ च्या ऑक्टोबरमध्ये प्रवेश झाला.

सोयाबीन घेतले तर जून २०२७ आणि जून २०२८ अशा दोन पेरण्या होतात आणि ऑक्टोबर २०२८ ला शेतातले काम संपते. पहिला जून चुकला तरी २०२८ आणि २०२९ हातात राहतात. हळदीत एवढी सवड नाही. मे २०२७ ला लावलेली हळद फेब्रुवारी २०२८ च्या आसपास निघते, दुसरी फेब्रुवारी २०२९ ला, आणि उरलेल्या सात-आठ महिन्यांत शिजवणे, वाळवणे, विश्लेषण आणि लेखन बसते. मे २०२७ हुकला की शेवटची काढणी थेट फेब्रुवारी २०३० मध्ये जाते. आडसाली उसाचे गणित तर तीन वर्षांत बसतच नाही. जुलै-ऑगस्टची लागण सोळा ते अठरा महिने उभी राहते, त्यामुळे दोन लागणी एकमेकींवर चढवून केल्या तरी दुसरी तोड २०२९ च्या अखेरीस येते. ज्याची शिष्यवृत्ती तीन वर्षांचीच आहे त्याने आडसालीवर विषय घेण्याआधी पुढचे सहा-आठ महिने खर्च कसा भागणार याचा विचार करावा.

द्राक्षाचे गणित सगळ्यांत बारीक आहे, आणि तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या विद्यार्थ्यांचा ओढा तिकडेच असतो. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करते आणि ऑक्टोबरची छाटणी माल आणते. पण पुढच्या हंगामात घड किती येणार हे ऑक्टोबरला ठरत नाही. खरड छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यामध्ये घडनिर्मिती होते तेव्हाच ते ठरते. त्यामुळे खत, पाणी, सावली, शेंडा मारणे, संजीवके यांचा घडनिर्मितीवर काय परिणाम होतो हे तपासायचे असेल, तर प्रयोग एप्रिलला सुरू व्हायलाच हवा. प्रवेशानंतर अवघ्या सहा महिन्यांत आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. उलट, जीएचे (जिबरेलिक आम्ल या संजीवकाचे) डिप, म्हणजे घड द्रावणात बुडवणे, घडाची विरळणी, मण्याची फुगवण, बेदाण्याची प्रत असा प्रश्न असेल तर ऑक्टोबर २०२७ ला सुरुवात केली तरी दुसरा हंगाम मार्च २०२९ लाच संपतो. एप्रिलला सुरू करणाराही तिथेच पोचतो. सहा महिन्यांची तयारी यात फुकट मिळते. हा फरक विषय ठरवतानाच ध्यानात यायला हवा. आराखडा लांबला म्हणून घडनिर्मितीचा प्रयोग ऑक्टोबरला ढकलला, तर त्या वर्षीच्या घडांवर तुमच्या ट्रीटमेंटचा, म्हणजे तपासायच्या उपायाचा काहीच परिणाम झालेला नसतो आणि आकडे मात्र जमा होत राहतात.

प्रश्न कसा असावा

'हळदीवर सेंद्रिय खतांचा परिणाम' हा प्रश्न नव्हे, ते प्रकरणाचे नाव झाले. प्रश्न असा असतो: रुंद वरंब्यावरच्या सेलम वाणाच्या हळदीला शिफारशीतले नत्र ठिबकमधून कमी-जास्त हप्त्यांत दिले, तर कंदाचे वजन वाढते ते नत्र जास्त उचलले गेल्यामुळे, की पाने जास्त दिवस हिरवी राहिल्यामुळे? एम.एस्सी.च्या प्रयोगात 'कोणती ट्रीटमेंट सरस' एवढे उत्तर चालते. पीएचडीत 'का' विचारले जाते. म्हणून उत्पादनाबरोबर पानांचे क्षेत्र, दर महिन्याचे शुष्क वजन, अन्नद्रव्यांचे शोषण अशी मधली मोजमापे घ्यावी लागतात. ती आराखड्यातच नसतील तर काढणीनंतर मिळवायला काही उरत नाही.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यातली क्षारपड जमीन, कोरेगावचा वाघ्या घेवडा, सातारी आल्याची कंदकुज, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, आटपाडीचे डाळिंब यांतला कोणताही प्रश्न तीन वर्षे पुरून उरेल. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रावर हळद आणि सोयाबीनवर काम चालते आणि फुले संगम हा सोयाबीनचा वाण तिथलाच. फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. आधी काय झाले आहे ते पाहायला कृषिकोश या संकेतस्थळावर देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. तिथे आपल्या पिकाचे मागच्या दहा-पंधरा वर्षांचे प्रबंध चाळून 'पुढे काय करायला हवे' असा मजकूर वाचावा. मार्गदर्शकाला भेटताना असे तीन प्रश्न हातात असले की बोलणे लगेच मुद्द्यावर येते.

मार्गदर्शकाबद्दल दोन गोष्टी विचारायला संकोच करू नये. त्यांच्या निवृत्तीला किती वर्षे आहेत, आणि प्रयोग कुठल्या जागेवर होणार? अभ्यासक्रम राहुरीत आणि प्रयोग डिग्रजला असेल, तर हे अंतर सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यासारखे नाही. हंगामात तिकडे राहावे लागते. सत्राचे विषय आधी संपवलेले असतील तरच ते जमते.

वाफ्याचे गणित

प्रयोगाचा आराखडा संख्याशास्त्राच्या पुस्तकात सोपा वाटतो. खरी कसोटी शेतात लागते, म्हणून हळदीचेच एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

समजा आठ ट्रीटमेंट आणि तीन रेप्लिकेशन आहेत, म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंट तीन वेगळ्या वाफ्यांत. यादृच्छिक गट पद्धतीत, म्हणजे आरबीडीत, प्रायोगिक चुकीचे (एररचे) स्वातंत्र्यांश असतात (८−१) × (३−१) = १४. हा आकडा निदान १२ असावा असा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्याखाली गेले की खरा फरकही 'अर्थपूर्ण नाही' म्हणून निसटतो. ट्रीटमेंट पाचच असतील तर तीन रेप्लिकेशनने ८ च मिळतात, तेव्हा चार घ्यावी लागतात. खर्च वाचवायला रेप्लिकेशन कमी करणे ही सर्वांत महागडी काटकसर.

रुंद वरंबा १.२ मीटरचा, त्यावर दोन ओळी, दोन रोपांत ३० सेंटीमीटर. एका वाफ्यात ३.६ मीटर लांबीचे चार वरंबे धरले तर वाफा ४.८ × ३.६ मीटरचा होतो आणि त्यात ९६ रोपे बसतात. पण वजन सगळ्यांचे घ्यायचे नसते. कडेचे दोन वरंबे शेजारच्या वाफ्याचे खत-पाणी खातात, म्हणून ते सोडायचे. मधल्या दोन वरंब्यांवर दोन्ही टोकांचे एकेक रोप सोडायचे. उरतात ४० रोपे आणि २.४ × ३ म्हणजे ७.२ चौरस मीटर. हा निव्वळ वाफा. आठ ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन म्हणजे २४ वाफे, सव्वाचार गुंठ्यांच्या आत नुसते वाफे. मधले रस्ते आणि पाट धरून सहा-सात गुंठे लागतात. बेणे २,३०४ गड्डे. पन्नास ग्रॅमचा गड्डा धरला तर सुमारे ११५ किलो. शिवाय नांग्या भरायला त्याच दिवशी कडेला थोडे जादा लावून ठेवावे. महिनाभराने बाजारातून आणलेले बेणे लावले की त्या रोपांचे वय वेगळे होते.

निव्वळ वाफ्याचे उत्पादन हेक्टरवर नेताना १०,००० भागिले ७.२, म्हणजे जवळजवळ १,३८९ ने गुणावे लागते. वाफ्यात एक किलोची चूक झाली तर हेक्टरी चौदा क्विंटलच्या घरात जाते. काळ्या जमिनीतली हळद काढताना प्रत्येक गड्ड्याला चिखल चिकटलेला असतो. एका रोपामागे २५ ग्रॅम माती जास्त आली, तर ४० रोपांत तो एक किलो पुरा होतो. सकाळी दवात काढलेला वाफा आणि दुपारी उन्हात काढलेला वाफा यांतही असा फरक पडतो. म्हणून एक रेप्लिकेशन एकाच दिवशी, त्याच माणसांकडून काढावे आणि सगळ्या वाफ्यांचे कंद सारखेच झाडून मगच तोलावे. एक दिवस कमी पडला तर रेप्लिकेशन तोडू नये, उरलेले अख्खे रेप्लिकेशन दुसऱ्या दिवशी घ्यावे. आरबीडीत एक रेप्लिकेशन म्हणजे एक गट, त्यामुळे दिवसादिवसातला फरक मग गटाच्या खात्यात जातो, ट्रीटमेंटच्या नाही. जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे वेगवेगळी तोलावीत, कारण खतांचा परिणाम पुष्कळदा हळकुंडांवरच दिसतो आणि एकत्र वजनात बुडून जातो.

गट मांडण्याचीही अशीच गोष्ट. नदीकडे उतरणाऱ्या रानात वरचा भाग निचऱ्याचा आणि खालचा चिकट असतो. प्रत्येक गट उताराला आडवा, म्हणजे एकाच पातळीच्या जमिनीत बसायला हवा. गट उताराच्या दिशेने उभा मांडला तर त्याच गटातली एक ट्रीटमेंट चांगल्या जमिनीत आणि दुसरी चोपणात जाते. रानाचा मालक किंवा केंद्रावरचा जुना मजूर यांना विचारा: पाणी कुठे साचते, कुठला कोपरा खारवट आहे, खताचा उकिरडा पूर्वी कुठे होता? माती परीक्षणाच्या एका सरासरी नमुन्यात हे दिसत नाही. प्रत्येक गटातून ० ते ३० सेंटीमीटरचे नमुने वेगळे घ्यावेत.

सर्वांत जास्त प्रबंध ज्या चुकीने दुबळे होतात ती अशी. एका वाफ्यातली पाच रोपे मोजली, म्हणजे पाच रेप्लिकेशन झाली नाहीत. ट्रीटमेंट वाफ्याला दिली होती, तेव्हा वाफा हेच एकक. त्या पाचांची सरासरी म्हणजे एक आकडा. एकाच नमुन्याचे प्रयोगशाळेत तीनदा वाचन घेणे हेही त्याच माळेतले. ठिबकच्या प्रयोगात एका व्हॉल्व्हवर सलग चार वाफे जोडले की ते चार मिळून एकच वाफा ठरतो. प्रत्येक वाफ्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह लागतो, आणि तो खर्च आराखड्यात धरलेला नसल्यामुळे ऐन वेळी तडजोड होते.

शेतकऱ्याच्या बागेत

द्राक्षाचे प्रयोग बऱ्याचदा खासगी बागेत होतात. केंद्रावर मिळणार नाहीत अशा सारख्या वयाच्या, एकाच खुंटावरच्या वेली तिथे मिळतात. पण बाग जगवायची म्हणून मालक जे करतो ते प्रयोगाला बाधक ठरू शकते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती आली, तर कोणताही बागायतदार बिनफवारणीच्या वेली सोडणार नाही, आणि सोडाव्यात अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. त्या वेली शेजारच्या सगळ्या बागेला रोग देतात. म्हणून बुरशीनाशकांच्या प्रयोगातला कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या बिनफवारणीच्या वेली, संशोधन केंद्रावरच ठेवावा. शेतकऱ्याच्या बागेत पोषण, विरळणी, काढणी असे प्रश्न घ्यावेत. व्यापारी येऊन माल ठरवतो तेव्हा तुमच्या वेलींवर फिती असल्या तरी तोडणारी टोळी त्या पाहत नाही. तोडणी ठरली की फोन करायचा, ठरावीक वेलींना हात लावायचा नाही आणि त्यांच्या मालाची भरपाई कोण देणार, हे तिन्ही मुद्दे हंगामाआधी कागदावर लिहून दोघांनी सही करावी.

देठ परीक्षणाचा नमुना खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, काडीच्या तळापासून पाचव्या पानाचा देठ असा घेतात. त्याच्या चार दिवस आधी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची फवारणी झालेली असेल आणि देठ नीट धुतले नसतील, तर अहवालात मँगनीज आणि जस्त भरपूर दिसते. ते वेलीतले नसते, देठावर बसलेल्या औषधातले असते. फवारणीची वही मालकाकडून घेऊन नमुन्याची तारीख तिच्याशी जुळवावी, आणि देठ सौम्य साबणाच्या पाण्याने, मग साध्या आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावेत.

आकडे आणि लेखन

संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी हिसारच्या कृषी विद्यापीठाचे ओपीस्टॅट हे सॉफ्टवेअर विनामूल्य वापरता येते, 'आर' ही संगणकभाषा शिकलात तर उत्तमच. दोन्ही हंगामांची आकडेवारी एकत्र करण्याआधी दोन्ही वर्षांची चूक-विचरणे (एरर व्हेरियन्स) सारखी आहेत का हे बार्टलेट चाचणीने पाहावे. ट्रीटमेंट आणि हंगाम यांची आंतरक्रिया अर्थपूर्ण आली तर एकत्रित सरासरीवर शिफारस करू नये. पहिल्या वर्षी सरस ठरलेली ट्रीटमेंट दुसऱ्या वर्षी मागे का पडली हे पावसाच्या नोंदींशी लावून सांगणे हाच त्या प्रबंधाचा खरा भाग होतो. परीक्षकही तिथेच थांबून विचारतात.

'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण पहिल्या हंगामातच लिहून टाकावे. कोणत्या तारखेला काय दिले, हे दोन वर्षांनी आठवत नाही. मजकुरातील साम्य यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत चालते, आणि जुन्या प्रबंधातून उचललेले पद्धतींचे परिच्छेदच बहुधा हा आकडा वर नेतात. नियतकालिक निवडताना नासचे, म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचे (एनएएएस) गुणांकन पाहावे. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्यांकडे पैसे भरू नयेत.

शिष्यवृत्तीसाठी आयसीएआरखेरीज सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजना आहेत. प्रत्येकाच्या अटी आणि जाहिरातीची वेळ वेगळी असते, आणि बहुतेक ठिकाणी पीएचडी नोंदणीचे पत्र मागतात. ते पत्र विद्यापीठाकडून निघायला वेळ लागतो, म्हणून प्रवेश झाल्याच्या आठवड्यातच अर्ज द्यावा.

विद्यार्थ्याचा निष्कर्ष लगेच शेतकऱ्यांसाठीची शिफारस होत नाही. चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे तो मांडला जातो, आणि तिथे सहसा दोनपेक्षा जास्त हंगामांची आकडेवारी मागतात. प्रबंध सादर करताना वाफ्यांचा नकाशा, कोणत्या वाफ्यात कोणती ट्रीटमेंट होती त्याची यादी, बेण्याचा स्रोत आणि कच्च्या आकड्यांची फाइल केंद्रावर देऊन ठेवली, तर तिसरा हंगाम तिथले शास्त्रज्ञ घेऊ शकतात.